शाश्वत विकासात आंतरविद्याशाखीय पीएच.डी. : नागपूरकर विद्यार्थ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नेटचा, म्हणजे राष्ट्रीय पात्रता परीक्षेचा, निकाल लागला, विद्यापीठांच्या जाहिराती यायला लागल्या की फोन सुरू होतात. कोणी सिव्हिल इंजिनिअर असतो, कोणी एमएसडब्ल्यू, कोणी अर्थशास्त्रात एमए करून एखाद्या संस्थेत गावोगाव फिरलेली. प्रश्न मात्र बहुतेक तेच, म्हणून एकदाचे लिहून ठेवतो आहे. नियम सांगितले आहेत ते विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या पीएच.डी. नियमावलीतले. प्रत्येक विद्यापीठ त्यात आपली थोडी भर घालतं, तेव्हा फॉर्म भरण्याआधी आपल्या विद्यापीठाचा अध्यादेश वाचाच. मतं माझी आहेत, आणि ती पटलीच पाहिजेत असं नाही.

शाश्वत विकासावर संशोधन म्हणजे पर्यावरणशास्त्रातलीच पीएच.डी. ना?

नाही. पर्यावरणशास्त्र त्यात येतं, पण शेती, आरोग्य, ऊर्जा, शहर नियोजन, कायदा, स्थलांतर, बायकांची मजुरी हेही येतं. १९८७ चा ब्रुंटलंड आयोगाचा अहवाल आणि २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी ठरवलेली १७ उद्दिष्टं व १६९ लक्ष्यं हा या क्षेत्राचा पाया समजला जातो. ते वाचून ठेवा. फक्त सिनॉप्सिसचं, म्हणजे संशोधन आराखड्याचं, पहिलं पान त्यातल्या शाश्वत विकासाच्या व्याख्येने सुरू करू नका. समितीतल्या प्रत्येकाला ती पाठ असते, आणि तुमचा प्रश्न काय आहे हे कळायला चौथं पान उजाडतं.

आंतरविद्याशाखीय म्हणजे दोन विषय एकत्र करायचे, एवढंच?

एवढ्यावर पुष्कळ प्रबंध आटोपतात हे खरं. तीन प्रकरणं रसायनशास्त्राची, एक सर्वेक्षणाचं, शेवटी ‘धोरणात्मक शिफारशी’. बाइंडिंग एक, पण आतल्या प्रकरणांची एकमेकांशी ओळखसुद्धा नाही. त्याला बहुविद्याशाखीय म्हणा हवं तर.

खरा प्रकार आपल्या शहरातल्याच उदाहरणावरून बघू. नागपूरचं सांडपाणी भांडेवाडीला शुद्ध होतं आणि ते कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राला दिलं जातं. सुरुवातीचा प्रकल्प १३० एमएलडीचा, म्हणजे रोज १३ कोटी लिटरचा. पर्यावरण अभियंता म्हणेल, उत्तम काम झालं, वीज केंद्राला लागणारं तेवढं पेंच नदीवरच्या धरणाचं गोडं पाणी वाचलं. पाण्याची गुणवत्ता, प्रक्रियेचा खर्च, राख वाहून नेण्यासाठी की कूलिंगसाठी, एवढ्यावर त्याचा प्रबंध पूर्ण होतो आणि तो चांगलाही असू शकतो.

आता दुसरा माणूस विचारतो, वाचलेलं पाणी गेलं कुठे? पेंचवर शहराचा हक्क आहे, कालव्याखालच्या धानवाल्यांचाही आहे, आणि वर मध्य प्रदेशात चौराई धरण झाल्यापासून पेंचच्या तोतलाडोह धरणात येणारं पाणीच कमी झालं. २०१९ च्या जुलैत नागपुरात एक दिवसाआड नळ आले होते, आठवत असेल. अशा वर्षी ‘वाचलेलं’ पाणी कालव्यात सुटलं की शहराने पिऊन टाकलं? तिसरा विचारतो, सांडपाण्याला आता किंमत आली, तर ते कोणाच्या मालकीचं? चौथा विचारतो, नाग नदीत आधी जे पाणी वाहत जायचं, ते घाण का असेना, त्यावर खाली कोणी पंप लावून भाजीपाला घेत होतं का, आणि त्यांचं पुढे काय झालं?

हे चार प्रश्न चार विभागांचे आहेत. पण पहिल्याच्या ताळेबंदातला ‘फायदा’ हा आकडा दुसऱ्याच्या आणि चौथ्याच्या उत्तराशिवाय ठरतच नाही. एका विषयाचं उत्तर दुसऱ्या विषयाच्या गणितात असं घुसतं तेव्हा संशोधन आंतरविद्याशाखीय होतं. तुमच्या टॉपिकला ही कसोटी लावून बघा. समाजशास्त्राचं प्रकरण काढून टाकलं तर अभियांत्रिकीच्या प्रकरणातला एखादा आकडा बदलतो का? बदलत नसेल तर ते प्रकरण सजावटीचं आहे. काढा, आणि एकाच विषयात मन लावून करा. त्यात कमीपणा काही नाही.

विद्यापीठात ‘आंतरविद्याशाखीय अभ्यास’ नावाची विद्याशाखाच आहे. मग तिथेच नाव नोंदवायचं का?

इथे बरेच जण फसतात. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ नुसार विद्याशाखा चार: विज्ञान व तंत्रज्ञान, वाणिज्य व व्यवस्थापन, मानवविज्ञान, आणि आंतरविद्याशाखीय अभ्यास. चौथीत शिक्षणशास्त्र, शारीरिक शिक्षण, गृहविज्ञान, समाजकार्य, ग्रंथालयशास्त्र, पत्रकारिता असे विषय येतात. ही प्रशासकीय वाटणी आहे. तुमचा प्रश्न दोन शाखांमध्ये पसरलेला असला म्हणून तुम्ही आपोआप या चौथ्या खान्यात जात नाही. नोंदणी एका ठरावीक विषयात आणि एका मान्यताप्राप्त मार्गदर्शकाकडेच होते. तेव्हा ‘कोणत्या विषयात नोंदणी’ हा निर्णय शांतपणे घ्या. नोकरीच्या वेळी तोच पुढे येतो, त्याबद्दल खाली लिहिलं आहे.

नागपुरात हे कुठे करता येईल?

शाश्वत विकासाचं स्वतंत्र केंद्र, स्वतंत्र पदवी असं शोधत असाल तर नागपूरबाहेर नजर टाका. आयआयटी मुंबईत ग्रामीण भागासाठी पर्यायी तंत्रज्ञानावर काम करणारं ‘सितारा’ केंद्र आहे आणि हवामान अभ्यासातही पीएच.डी. करता येते. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचं तुळजापूर केंद्र ग्रामीण विकासासाठी ओळखलं जातं. बंगळुरूला ‘अत्री’ ही पर्यावरण संशोधन संस्था आहे, दिल्लीत ‘टेरी’ या ऊर्जा व पर्यावरणावरच्या संस्थेचं अभिमत विद्यापीठ.

पण नागपूर सोडून जाण्याची घाई करू नका. एका शहरात इतक्या वेगवेगळ्या संशोधन संस्था असलेली ठिकाणं महाराष्ट्रात फार नाहीत. १९५८ मध्ये सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची संस्था म्हणून सुरू झालेली आणि १९७४ पासून नीरी म्हणून ओळखली जाणारी राष्ट्रीय संस्था इथे आहे. तिथे ‘अ‍ॅकसर’ या विज्ञान अकादमीमार्फत पीएच.डी. करता येते, आणि त्यात ग्रामीण किंवा सामाजिक प्रश्नावर काही आठवडे काम करण्याची अट असते. अनेक जण ती उरकून टाकतात. माझ्या मते त्या कार्यक्रमातली सगळ्यात कामाची गोष्ट तीच.

केंद्रीय कापूस संशोधन संस्था, मृद सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्युरो, लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था हे सगळं वर्धा रोड आणि अमरावती रोडवर. व्हीएनआयटीत अभियांत्रिकीसोबत स्थापत्य व नियोजन आहे. उपग्रह नकाशांसाठी महाराष्ट्र सुदूर संवेदन केंद्र आहे. पशुवैद्यकाचं राज्य विद्यापीठ इथेच, एम्स इथेच, आयआयएम इथेच, विधी विद्यापीठ इथेच. वनखात्याचं राज्याचं मुख्यालय सिव्हिल लाइन्सला. १९२३ पासूनचं आपलं विद्यापीठ, ज्याला आता तुकडोजी महाराजांचं नाव आहे, त्यात समाजशास्त्रापासून भूगर्भशास्त्रापर्यंत विभाग आहेत. ग्रामविकासावर ग्रामगीता लिहिणाऱ्या माणसाच्या नावाच्या विद्यापीठात हा विषय पोरका राहू नये, पण ते असो.

अडचण एवढीच की या संस्था एकाच शहरात असून एकमेकांच्या गेटच्या आत फारशा जात नाहीत. ती ये-जा तुम्हालाच करावी लागणार. नियम आड येत नाही: सह-मार्गदर्शक दुसऱ्या विभागातला किंवा दुसऱ्या संस्थेतलाही घेता येतो.

पात्रता काय? नेट लागतेच का?

पदव्युत्तर पदवी ५५ टक्क्यांनी, किंवा चार वर्षांची पदवी ७५ टक्क्यांनी. अनुसूचित जाती-जमाती, नॉन-क्रीमी लेअर ओबीसी, दिव्यांग आणि आर्थिक दुर्बल घटकांना ५ टक्के सूट. एम.फिल. बंद झालं आहे, त्याची वाट बघू नका.

२०२४-२५ पासून नेटचे गुण पीएच.डी. प्रवेशासाठी वापरायला सुरुवात झाली. निकालात तीन गट असतात. पहिल्यात कनिष्ठ संशोधन फेलोशिपसह (जेआरएफ) सगळं, दुसऱ्यात सहायक प्राध्यापकपदाची पात्रता आणि पीएच.डी. प्रवेश, तिसऱ्यात फक्त पीएच.डी. प्रवेश. दुसऱ्या-तिसऱ्या गटात नेटच्या गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के वजन, आणि ते गुण वर्षभरच चालतात. आपलं विद्यापीठ स्वतःची प्रवेश परीक्षा (पेट) घेतं की नेटवर प्रवेश देतं हे त्या वर्षीच्या जाहिरातीत बघा.

नेट कोणत्या विषयात द्यावी? ज्यात एमए किंवा एमएस्सी आहे त्यातच. पर्यावरण विज्ञान हा विषय यादीत दिसतो म्हणून अर्थशास्त्राची माणसं तिकडे वळतात, आणि इकडचेही गुण जातात, तिकडचेही.

मी इंजिनिअर आहे. सामाजिक शास्त्र जमेल का? / मी आर्ट्सची आहे. गणित नको वाटतं.

दोन्ही प्रश्न मुद्दाम एकत्र ठेवले.

इंजिनिअरला वाटतं, लोकांशी बोलणं ही काय शिकायची गोष्ट आहे, प्रश्नावली केली की झालं. आर्ट्सच्या विद्यार्थिनीला वाटतं, आकडे म्हणजे आपल्या आवाक्याबाहेरचं. पहिला गैरसमज जास्त महागात पडतो, कारण आपल्याला काही येत नाही हेच त्याला कळत नाही.

एका विषयात पाय पक्के हवेत, ज्यात तुम्ही परीक्षकासमोर उभे राहू शकाल. दुसऱ्यात वाचता यावं, चुकीचं वापरलेलं ओळखता यावं, आणि त्या विषयाच्या माणसाशी भांडता यावं इतपत तयारी पुरते. दोन्हींत सारखंच पारंगत व्हायला निघालेले विद्यार्थी सहसा तिसऱ्या वर्षी दमतात.

कोर्सवर्कमध्ये काय घ्यावं?

किमान १२ क्रेडिट, कमाल १६, आणि ५५ टक्के गुण हवेत. संशोधन पद्धती आणि संशोधन व प्रकाशन नीतिशास्त्र हे आलेच. बाकीच्यात तुमचा कमकुवत विषय घ्या. सोपे गुण मिळतात म्हणून आपलाच विषय परत घेण्यात अर्थ नाही. सल्लागार समितीची मान्यता असेल तर स्वयमवरचा ऑनलाइन अभ्यासक्रमही चालतो.

माझ्या मते तीन गोष्टी प्रत्येकाला याव्यात. संख्याशास्त्र, त्यातही नमुना निवड. क्यूजीआयएस या सॉफ्टवेअरमध्ये नकाशा करणं. ते फुकट आहे आणि साध्या लॅपटॉपवर चालतं. आणि मुलाखत घेऊन ती शब्दशः उतरवणं. तिसरी गोष्ट कोणत्याच विभागात नीट शिकवली जात नाही. तासाभराची वऱ्हाडी किंवा झाडीबोलीतली मुलाखत कागदावर उतरवायला अख्खा दिवस जातो, आणि मग कळतं की आपणच मध्ये मध्ये किती बोलत होतो.

दोन गाईड ठेवावेत का?

ठेवावेत, पण आधी दोघांना एका टेबलावर बसवा. वेगवेगळं भेटून दोघांचा होकार घेतला की दोघांच्या डोक्यात दोन वेगळे प्रबंध तयार होतात, आणि ते तुम्हाला चौथ्या वर्षी कळतं. एक म्हणतो आणखी ४० नमुने घे, दुसरा म्हणतो सर्वेक्षण थांबव आणि एका गावात सहा महिने राहा. दोघंही बरोबर असतात.

पहिल्याच बैठकीत तीन गोष्टी लिहून घ्या. मुख्य प्रश्न कोणता, त्याचं उत्तर कोणत्या प्रकारच्या पुराव्याने ग्राह्य धरायचं, आणि पेपरवर नावं कोणत्या क्रमाने येणार. तिसरी गोष्ट काढायला संकोच वाटतो. तरीही काढा.

नियमाप्रमाणे प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार विद्यार्थी घेता येतात. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी राहिलेल्यांना नवीन विद्यार्थी घेता येत नाहीत. तेव्हा ‘सरांकडे जागा आहे का’ यासोबत सरांची निवृत्ती कधी हेही विचारा. विचारल्याचा राग येणारा गाईड असेल तर तेही आधीच कळलेलं बरं.

दर सहामाहीला संशोधन सल्लागार समितीसमोर प्रगती मांडावी लागते. बहुतेक ठिकाणी हा सह्यांचा कार्यक्रम होतो. तुमच्या दुसऱ्या विषयाची एक व्यक्ती समितीत असेल असं बघा, म्हणजे वर्षातून दोनदा तरी कोणी नेमका प्रश्न विचारेल. प्रबंध शेवटी बाहेरच्या दोन परीक्षकांकडे जातो. दोघंही एकाच विषयाचे आले तर अर्धा प्रबंध त्यांना परका वाटतो. परीक्षकांची निवड तुमच्या हाती नसते, पण नावं गाईडने सुचवायची असतात, आणि ही गोष्ट त्यांच्या लक्षात आणून देता येते.

विदर्भात चांगला टॉपिक कसा शोधू?

‘शाश्वत विकासात अमुकची भूमिका: एक अभ्यास’ या साच्यातलं सगळं आधी बाजूला ठेवा. अशी घटना शोधा जिचं कारण सांगताना प्रत्येक खातं दुसऱ्याकडे बोट दाखवतं.

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-मजूर दगावले. कीटकशास्त्राच्या अंगाने बघितलं तर गुलाबी बोंडअळी बीटी कापसाला दाद देईनाशी झाली होती. शेतात बघितलं तर त्या वर्षी पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची झाडं, डोक्याच्या वर गेली होती, फवारा अंगावर येत होता. बाजारात बघितलं तर दोन-तीन औषधं एकत्र करून मारायचा सल्ला कृषी केंद्राच्या काउंटरवरच मिळत होता. घरात बघितलं तर फवारणारा मजूर रोजंदारीवर, त्याला मास्क देणं कोणाचंच काम नाही. दवाखान्यात बघितलं तर कोणतं औषध अंगात गेलं हे सांगणारी बाटली शेतातच राहिलेली. यातला एकही दुवा सोडला तर उरलेल्यांवरून काढलेली शिफारस फसते. मास्क वाटून टाका, ही अशीच एक शिफारस. भर उन्हात मास्क घालून फवारणी करून बघा एकदा.

दुसरीकडे भंडारा-गोंदियाचे मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव. ते बांधले कोहळी समाजाने, मालगुजारी, म्हणजे गावची जमीनदारी, १९५० च्या कायद्याने गेली आणि तलाव सरकारकडे आले, मासेमारी ढिवर समाजाच्या संस्थांकडे, पाणी धानाला. गाळ काढायचा म्हटलं की पाटबंधारे खात्याला साठवण दिसते. ढिवरांना दिसते ती काठावरची उथळ, गवताळ जागा, जिथे मरळ अंडी घालते. जेसीबीने तलाव ताटासारखा साफ केला की साठवण वाढते आणि मासा जातो. इथे जीवशास्त्र, जलविज्ञान आणि जातीचा इतिहास एकमेकांशिवाय वाचताच येत नाहीत.

गडचिरोलीतल्या मेंढा-लेखासारखी गावंही आहेत, जिथे २००६ च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळाले आणि बांबू गावाने स्वतः विकला. तिथे गावाचे स्वतःचे अभ्यासगट होते. अशा गावात तुम्ही ‘माहिती गोळा करायला’ जाता तेव्हा समोरचे लोक तुमच्याइतकंच संशोधन केलेले असतात, हे लक्षात असू द्या.

शहरातच काम करायचं असेल तर उष्णता आहे. अहमदाबादनंतर उष्मा कृती आराखडा लवकर करणाऱ्या शहरांत नागपूर होतं, २०१६ मध्ये. टिनाच्या छपराखाली रात्री किती तापतं आणि दुसऱ्या दिवशी किती मजुरी बुडते, एवढा एक प्रश्न पाच वर्षं पुरेल.

फील्डवर्कला गेलो की लोक नीट सांगत नाहीत. काय करू?

प्रश्नावली बघू. ‘वार्षिक कौटुंबिक उत्पन्न: ५० हजारांखाली, ५० हजार ते १ लाख…’ यावर शेतकरी म्हणतो, “लिहा ना जे लिहाचं ते.” तो टाळत नाहीये. त्याच्याकडे असा आकडाच नाही. उत्पन्न वर्षाला एकदा, तेही उधारी वळती होऊन हातात येतं.

त्याऐवजी असं विचारा. यंदा पहिला वेचा किती निघाला? कोणाला विकला, घरूनच की जिनिंगवर नेऊन? वेचणीचा किलोमागे दर काय दिला? कृषी केंद्राची उधारी किती वळती झाली? मग तो बोटांवर मोजत सगळं सांगतो, मध्येच भावाला हाक मारून खात्री करून घेतो, आणि तासाभरात तुमच्या हाती ताळेबंद येतो, तोही पर्याय अ-ब-क पेक्षा कितीतरी खरा.

वेळ बघून जा. वेचणीच्या दिवसांत सकाळी दहाला गावात म्हातारी माणसं आणि कुत्री भेटतात. बायकांशी बोलायचं असेल तर वेचणीच्या ओळीतच जावं लागतं, त्यांच्यासोबत चालत. ‘कुटुंबप्रमुख’ या खान्यात नेहमी पुरुषाचं नाव येतं, आणि वेचणी तर जवळपास सगळी बायकांची. कापसावरच्या कितीतरी प्रबंधांत कापूस वेचणारी बाई एकदाही बोलत नाही, त्याचं कारण हा एक खाना.

आणखी एक. गावपातळीवरची लोकसंख्या घ्याल तर ती २०११ च्या जनगणनेची असणार. त्यावर नमुना ठरवण्याआधी ग्रामपंचायतीत, आशाताईंकडे आताची घरसंख्या विचारून घ्या.

परवानग्या कोणत्या लागतात?

अभयारण्य किंवा व्याघ्र प्रकल्पात पाऊल टाकायचं असेल तर वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या कलम २८ खाली परवानगी हवी. अर्ज नागपुरातच द्यायचा, एवढी आपली सोय. वेळ लागतो, तेव्हा सिनॉप्सिस मंजूर होताच अर्ज करा. माणसांच्या आरोग्याची माहिती, रक्त-लघवीचे नमुने घ्यायचे असतील तर नीतिमत्ता समितीची मंजुरी आधी. नंतर घेतलेली चालत नाही. ग्रामसभेची संमती प्रत्येक ठिकाणी कायद्याने लागेलच असं नाही, पण मी ती घ्यायलाच लावतो.

पैशांचं कसं?

जेआरएफ असेल तर पहिली दोन वर्षं महिना ३७ हजार, पुढे ४२ हजार, हे दर जानेवारी २०२३ पासूनचे. वर घरभाडं. राज्याच्या संस्थांमध्ये अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा-कुणबी समाजासाठी सारथी, ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांसाठी महाज्योती. महाज्योतीचं कार्यालय नागपुरातच आहे. सामाजिक शास्त्रांना भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेची फेलोशिप आहे. नेटमधून फेलोशिप घ्यायची तर खुल्या गटाला वयाची मर्यादा साधारण तिशीची, महिला आणि राखीव गटांना पाच वर्षांची सवलत. पीएच.डी.ला मात्र वयाची अट नाही.

फेलोशिप दरमहा एक तारखेला येईल असं धरून घरभाड्याचा करार करू नका. सहा महिने थकू शकतं हे गृहीत धरूनच खर्चाचा मेळ घाला. फील्डवर्कचा खर्च, म्हणजे एसटी, पेट्रोल, दुभाष्याचं मानधन, मातीच्या तपासण्या, प्रस्तावात वेगळा दाखवा.

प्रबंध मराठीत लिहिता येईल का?

सामाजिक शास्त्रांत आणि भाषांत लिहिले जातात. तुमच्या विषयाचं माध्यम विद्यापीठाच्या अध्यादेशात बघा. इंग्रजीत लिहिलात तरी मुलाखती मूळ बोलीतच जपून ठेवा आणि परिशिष्टात द्या. आणि ज्या गावात काम केलं तिथे दहा पानांचं मराठी टिपण नेऊन द्या. त्याला क्रेडिट नाही.

पेपर छापल्याशिवाय प्रबंध जमा होतो?

२०२२ च्या नियमावलीत आयोगाने पेपरची सक्ती काढली, पण तुमच्या संस्थेने ती ठेवली असू शकते. आयोगाची मान्य जर्नलांची केअर यादीही फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली, तेव्हा चांगलं जर्नल कोणतं हे आता स्वतःलाच ओळखावं लागतं. ‘आठ दिवसांत प्रकाशन, शुल्क अमुक’ असा मेल आला की डिलीट करा. वाङ्मयचौर्याच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंत साम्य चालतं, ६० च्या वर गेलं तर नोंदणीच रद्द. पूर्ण झालेला प्रबंध शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात सगळ्या देशाला दिसतो. टॉपिक ठरवण्याआधी तिथे आपल्या विषयावरचे पाच प्रबंध वाचा. धीर येतो.

यातून नोकरी मिळते का?

सरळ सांगतो. प्राध्यापकाच्या जाहिरातीत ‘संबंधित विषय’ असा शब्द असतो, आणि छाननी समिती पदव्युत्तर पदवी आणि नेट किंवा सेट (राज्य पात्रता परीक्षा) कोणत्या विषयात आहे ते बघते. दोन विषयांच्या मध्ये उभा असलेला उमेदवार दोन्हीकडे ‘आमचा नाही’ ठरतो, असं मी होताना पाहिलं आहे. म्हणून नोंदणीचा विषय शक्यतो पदव्युत्तर विषयाशी जुळता ठेवा, आंतरविद्याशाखीय काम शीर्षकात आणि पद्धतीत दिसू द्या. जुलै २०२३ पासून सहायक प्राध्यापकाला नेट किंवा सेट ही किमान पात्रता आहे, पीएच.डी. ऐच्छिक. तेव्हा फक्त प्राध्यापकीसाठी हा मार्ग धरत असाल तर आधी सेट काढा.

प्राध्यापकीबाहेर चित्र बरं आहे. पर्यावरण प्रभाव मूल्यांकन करणाऱ्या सल्लागार कंपन्या, कंपन्यांचे सीएसआर (सामाजिक दायित्व) विभाग, शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीने वरच्या १००० सूचीबद्ध कंपन्यांना सक्तीचा केलेला शाश्वतता अहवाल, महापालिकांचे हवामान आराखडे, स्वयंसेवी संस्था. तिथे पदवीचं नाव कोणी फारसं विचारत नाही. एका कामाचा नकाशा, आकडे आणि गावातली बैठक हे तिन्ही तुम्ही सांभाळू शकता का, ते विचारतात.

नोकरी करत, किंवा घर-मूल सांभाळत होईल का?

अर्धवेळ पीएच.डी.ला परवानगी आहे, कार्यालयाचं ना-हरकत प्रमाणपत्र लागतं. दूरशिक्षणाने होत नाही. मुदत किमान तीन, कमाल सहा वर्षं, पुनर्नोंदणीने आणखी दोन. महिला आणि ४० टक्क्यांवर दिव्यांगत्व असलेल्यांना त्यावर आणखी दोन, म्हणजे एकूण दहापर्यंत. प्रसूती व बालसंगोपनासाठी एकूण २४० दिवसांपर्यंत रजा मिळते. ही रजा आपल्याला आहे हे कित्येक मुलींना माहीतच नसतं, आणि ऑफिसमधून कोणी आपणहून सांगत नाही. लेखी अर्ज करा, पोच घ्या.

निकाल हातात आहे. या आठवड्यात काय करू?

एक पान लिहा. त्यावर तुमचा प्रश्न एका वाक्यात, तो कोणत्या तालुक्यात दिसतो, त्याबद्दल आतापर्यंत कोणी काय म्हटलं आहे, आणि तुमच्याकडे कोणतं कौशल्य कमी आहे. मग दोन वेगळ्या विभागांतल्या दोन जणांना तेच पान पाठवा आणि वेळ मागा. मेलला उत्तर नाही आलं तर आठवड्याने प्रत्यक्ष जा, दुपारी तीननंतर, तास संपल्यावर. बायोडाटा सोबत असू द्या, पण पुढे ते पानच करा.